गृहारोग्य : दहावीचे वर्ष आणि खेळाचा तास

जून महिन्यात शाळा उघडल्या म्हणजे सुशिक्षित घरांतून एक वाक्य हटकून कानी पडते : “यंदा दहावीचे वर्ष आहे, आता खेळ पुरे.” हे वाक्य वडिलांच्या तोंडचे असो वा आईच्या, त्यामागील कळकळीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. मुलाने विद्या संपादन करून स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही इच्छा कोणत्या मातापित्यांस नसते? परंतु या एका वाक्याने घरात जे घडते, त्याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. दहावी संपली की अकरावी-बारावीचे क्लास सुरू होतात. त्यांच्या पाठोपाठ प्रवेशपरीक्षा, मग पदवी, मग नोकरीची धावपळ. एका वर्षापुरता म्हणून बंद केलेला खेळ पुन्हा सुरू होण्याचा दिवस बहुधा उगवतच नाही. चेंडू माळ्यावर जातो, सायकल जिन्याखाली गंजते, आणि पंचविशीतला तरुण दोन मजले चढून आला म्हणजे धापा टाकीत दाराशी उभा राहतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. अकराव्या-बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतचा काळ हा शरीराच्या कमाईचा काळ होय. या काळात हाडांनी, स्नायूंनी आणि हृदयाने जी शिल्लक टाकावयाची, तिच्यापैकी काही भाग पुढे कितीही हौस व पैसा असला तरी भरून काढता येत नाही. परीक्षा पुन्हा देता येते. पण शरीर वाढण्याची ही वर्षे पुन्हा येत नाहीत. यास्तव ज्या वर्षी आपण खेळ बंद करतो, तेच वर्ष तो चालू ठेवण्याचे असते.

प्रथम हाडांचीच गोष्ट घेऊ. हाड म्हणजे भिंतीतील दगडासारखी निर्जीव वस्तू, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः हाड हे सजीव असून ते सतत झिजत व भरत असते. त्याच्यावर आघात व ताण पडला म्हणजे त्यातील पेशींस तशी सूचना मिळते आणि जेथे ताण पडतो तेथे खनिजाची भर पडते. ही भर पडण्याचा वेग सर्व वयांत सारखा नसतो. कॅनडातील सास्काचेवान विद्यापीठाने १९९१ साली शाळकरी मुलामुलींची एक दीर्घ पाहणी हाती घेतली आणि तीच मुले वाढत असता त्यांच्या हाडांतील खनिज वर्षानुवर्षे मोजले. प्रौढ वयात शरीरातील हाडांत जेवढे खनिज असते, त्यापैकी सुमारे एक चतुर्थांश भाग केवळ दोन वर्षांत जमा होतो, असे तीत आढळले. तेथील मुलींत या वेगाचा कळस सरासरी साडेबाराव्या वर्षी आणि मुलांत चौदाव्या वर्षी आला. कळसानंतर एका वर्षाने पाहता, खेळत्या मुलांच्या हाडांत बैठ्या मुलांपेक्षा सुमारे ९ टक्के आणि खेळत्या मुलींच्या हाडांत बैठ्या मुलींपेक्षा सुमारे १७ टक्के खनिज अधिक भरले. पुढे हीच मंडळी पंचविशी-तिशीच्या घरात आली तेव्हा त्यांस पुन्हा तपासण्यात आले. कुमारवयात जी खेळती होती, त्यांच्या खुब्याच्या हाडातील खनिज तेव्हाही सुमारे ८ ते १० टक्क्यांनी अधिक होते.

हेच तत्त्व फिनलंडमधील एका संशोधनाने निराळ्या रीतीने दाखविले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही हात तपासले होते. रॅकेट धरणारा हात दुसऱ्याहून बळकट असणार, हे उघडच आहे. परंतु ज्यांनी ऋतुप्राप्तीपूर्वी किंवा त्या सुमारास खेळण्यास आरंभ केला होता, त्यांच्या दोन हातांतील अंतर उशिरा आरंभ करणारींच्या मानाने सुमारे दुप्पट होते. खेळ तोच, मेहनत तीच. परंतु ती कोणत्या वयात झाली यावर फळ अवलंबून राहिले. बी पेरणीच्या हंगामात टाकले तर पीक येते. हंगाम टळल्यावर तेच बी टाकून कितीही पाणी घातले तरी पीक बेताचेच येणार, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. शहरी पालकांस मात्र ते सांगावे लागते.

यावर कोणी म्हणेल, “आमचा मुलगा सडपातळ आहे, त्यास व्यायामाची काय गरज?” हा भ्रम आपल्या घरांतून फार खोल रुजलेला आहे आणि तो दूर करण्याचे श्रेय पुण्यातील एका संशोधनास द्यावे लागेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून एक गंमतीचे पण डोळे उघडणारे उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु यंत्राने तपासले तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर पुण्याच्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. वजनकाटा दोघांस एकाच मापाने मोजीत होता; आतील माल मात्र निराळा होता. आपल्याकडील मुले जन्मतःच वजनाने कमी पण त्या मानाने चरबीने अधिक असतात, असे याच संशोधकांनी पुण्याच्या परिसरातील नवजात बालकांच्या अभ्यासावरून दाखविले आहे.

या गोष्टीचा व्यायामाशी संबंध असा. जेवणानंतर रक्तात जी साखर उतरते, तिचा मोठा वाटा स्नायू उचलून घेतात. स्नायू पुष्कळ आणि कामाची सवय असलेले असतील तर ही साखर सुरळीत खपते. काम करणारा स्नायू तर इन्शुलिनची फारशी मदत न घेताही साखर ओढून घेतो. स्नायू थोडे आणि आळसावलेले असतील तर साखर रक्तातच रेंगाळते आणि स्वादुपिंडावर भार पडतो. आपल्या देशातील लोकांत मधुमेह युरोपीय लोकांपेक्षा सुमारे दहा वर्षे अगोदर दिसू लागतो. पूर्वी ज्यास उतारवयाचा रोग म्हणत, तो आज तिशीतल्या तरुणांच्या घरी येऊन बसला आहे. अशा वेळी ज्या वयात स्नायू झपाट्याने भरतात, ते वय खुर्चीवर बसवून घालविणे म्हणजे घराण्यात मधुमेह असलेल्या मुलास आपल्याच हाताने त्याच्या स्वाधीन करण्यासारखे आहे. मुलगा काटकुळा आहे, हे समाधानाचे कारण नव्हे. त्याचे दंड, मांड्या आणि छाती वयाच्या मानाने भरत आहेत की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. खेळाने अभ्यासाचा वेळ जातो, हा तो आक्षेप. तास मोजले तर तो खरा दिसतो. परंतु अभ्यास तासांनी होत नाही, चित्ताने होतो. आणि चित्त शरीरापासून वेगळे काढून टेबलावर ठेवता येत नाही. स्वीडनमध्ये अठराव्या वर्षाच्या सुमारास तरुणांस सैनिकी सेवेसाठी तपासण्याची पद्धत होती. तीत दमश्वासाची चाचणी व बुद्धीची चाचणी अशा दोन्ही होत. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या बारा लाखांहून अधिक तरुणांच्या नोंदी तपासून तेथील संशोधकांनी २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा दमश्वास चांगला, त्यांचे बुद्धीच्या चाचणीतील गुणही सरासरीने अधिक होते. केवळ मनगटाच्या व दंडाच्या ताकदीशी मात्र गुणांचा तसा संबंध दिसला नाही. पंधराव्या व अठराव्या वर्षांच्या दरम्यान ज्यांचा दमश्वास सुधारला, त्यांचे गुण तो ढासळलेल्यांपेक्षा अधिक होते. आणि अठराव्या वर्षी ज्यांचा दम चांगला होता, ते पुढे शिक्षणातही सरस ठरले. आपल्या घरी ज्या तीन वर्षांत खेळ बंद होतो, ती नेमकी हीच तीन वर्षे होत.

त्याच देशातील सुमारे साडेसात लाख तरुणांच्या नोंदींवरून २०१४ साली दुसरा एक निष्कर्ष निघाला. अठराव्या वर्षी ज्यांचा दमश्वास अधिक, त्यांस पुढील आयुष्यात हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण कमी होते. येथे सत्यासाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अशा पाहण्यांवरून दोन गोष्टी एकत्र नांदतात एवढे कळते. एकीमुळेच दुसरी घडली, हे त्यावरून पूर्णपणे सिद्ध होत नाही. सुखवस्तू घर, चांगला आहार, व्यसनांचा अभाव यांचाही त्यात वाटा असू शकतो. तेव्हा “रोज धावलास तर पहिला येशील” असे आश्वासन आम्ही कोणत्याही मुलास देणार नाही. परंतु रोज तासभर खेळल्याने अभ्यास बुडतो, या समजुतीस एवढ्या मोठ्या नोंदींत आधार सापडत नाही, हे मात्र आम्ही निश्चयाने सांगू शकतो. मुलगा खेळून येतो, भुकेने जेवतो, वेळेवर निजतो आणि सकाळी ताजा उठतो. याउलट दिवसभर कोंडलेला मुलगा रात्री पुस्तकाआड मोबाईल धरून बारापर्यंत जागतो. यांपैकी कोणाचा अभ्यास अधिक होत असेल, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

सवयीचाही विचार केला पाहिजे. फिनलंडमध्ये १९८० साली आरंभलेल्या एका पाहणीत नऊ ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा एकवीस वर्षे पाठपुरावा करण्यात आला. एखाद्या वर्षी पुष्कळ खेळलेल्या मुलाविषयी पुढचे भाकीत करणे कठीण होते. परंतु जी मुले वर्षानुवर्षे सातत्याने खेळत राहिली, तीच मोठेपणी व्यायाम करणारी निघण्याचा संभव पुष्कळ अधिक होता. सातत्य हे यातील मर्म आहे. उन्हाळ्याच्या सुटीत महागडे शिबिर लावून दिले आणि बाकीचे दहा महिने कुलूप घातले, तर पैसे गेले एवढेच पदरी पडते.

इतका वेळ आम्ही मुलगा, मुलगा असे म्हणत आलो. पण खरा प्रश्न मुलींचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या विद्यार्थ्यांविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दररोज सरासरी एक तास हालचाल करावी, या साध्या मापास जगातील ८१ टक्के विद्यार्थी उतरत नाहीत, असे त्यांस आढळले. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते. आपल्या देशाची स्थिती या सरासरीपेक्षा थोडी बरी असली, तरी चारांतील सुमारे तिघे या मापास उतरत नाहीत. त्यात भूषण मानण्यासारखे काही नाही.

मुलीस बारावे-तेरावे वर्ष लागले की घरातील वारे बदलते. “आता मोठी झालीस, उड्या कसल्या मारतेस?” असे आजी म्हणते, संध्याकाळी मैदानावर एकटी नको, असे आई म्हणते, रंग उतरेल, अशी काळजी मावशीला वाटते. या तिन्ही शब्दांत माया आहे. परंतु ज्या वर्षी तिची हाडे सर्वांत वेगाने भरावयाची, त्याच वर्षी तिला गॅलरीच्या आत घेतले जाते, हे आम्ही वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. पुढे बाळंतपण आणि त्यापुढे ऋतुनिवृत्ती हे हाडांच्या शिलकीवर हात घालणारे दोन प्रसंग तिच्याच वाट्यास येतात, मुलाच्या नव्हे. म्हणजे खर्च जिला अधिक, तिलाच आपण कमाई करू देत नाही.

मासिक पाळीत खेळल्याने अपाय होतो, या समजुतीस वैद्यकशास्त्राचा आधार नाही. बरे वाटत नसेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. बरे वाटत असेल तर नेहमीप्रमाणे खेळावे. हलक्या व्यायामाने पुष्कळ जणींस पोटदुखीत उतारच पडतो. मुलगी लवकर दमते, चेहरा फिकट दिसतो, अशी तक्रार असेल तर तिचा खेळ बंद न करता आधी तिचे रक्त तपासावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. मैदानाच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र आम्ही हलका मानीत नाही. परंतु त्याचे उत्तर मुलीस घरी ठेवणे हे नसून, चार मुलींनी मिळून जाणे आणि दोन पालकांनी आळीपाळीने सोबत राहणे हे होय.

महाराष्ट्रास ही शिकवण परकी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबास शास्त्राचे रूप दिले. १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि १९२४ साली पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ निघाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आयुष्याचे व्रत मानले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून ते मुलामुलींकडून नियमाने घालून घेतले. या साऱ्यांत एक गोष्ट समान होती : व्यायाम हा मुलाच्या लहरीवर सोपविलेला नव्हता, त्यास वेळ, जागा आणि शिकविणारा ठरलेला होता. आज शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो, पण परीक्षा जवळ आली की तो गणितास दिला जातो आणि एकही पालक त्याविरुद्ध चिठ्ठी पाठवीत नाही. गणिताचा तास खेळास दिला असता तर किती चिठ्ठ्या गेल्या असत्या?

आता करावयाचे काय, ते सांगतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. ही साठ मिनिटे सलग असण्याची गरज नाही. शाळेस वा क्लासला पायी किंवा सायकलने जाण्यात वीस मिनिटे, सकाळी नमस्कार व दोरीवरच्या उड्या यांत पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी खोखो, कबड्डी, बॅडमिंटन किंवा लगोरी यांत पंचवीस मिनिटे, असा मेळ सहज बसतो. हाडांसाठी उड्या, धाव, झटक्याने वळणे यांचे महत्त्व फार आहे. पोहणे व सायकल हृदयास उत्तम. पण त्यांत हाडांवर आघात पडत नाही, म्हणून जोडीला उड्यांचा खेळ असावा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात काही शाळांतून घंटा होताच दहा उड्या, अशा दिवसातून तीन वेळा मारविण्यात आल्या. दिवसाची अवघी तीन मिनिटे खर्ची पडली, पण आठ महिन्यांनी त्या मुलांच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात इतरांपेक्षा अधिक खनिज भरलेले आढळले. तीन मिनिटे नाहीत असे कोणते दहावीचे घर आहे?

व्यायामाबरोबर आहार हवा. दूध, दही, नाचणी, तीळ, डाळी, उसळी आणि हिरव्या पालेभाज्या या आपल्या स्वयंपाकघरातील नित्याच्या वस्तू त्यास पुरतात. थोडे ऊन अंगावर येणेही अवश्य आहे. अतिरेक मात्र टाळावा. सोळाव्या वर्षी आरशासमोर दंड फुगविण्यासाठी डबाबंद पूड घेणे, किंवा शिकविणारा नसता भारी वजने उचलणे, हा व्यायाम नव्हे. फार मेहनत व कमी खाणे यांमुळे मुलीची पाळी बंद झाली, किंवा खेळताना कोणास छातीत दुखले वा घेरी आली, तर डॉक्टरांचा सल्ला तत्काळ घ्यावा. ज्यांची ही वर्षे निघून गेली आहेत, त्या तरुणांनीही निराश होऊ नये. हृदय व स्नायू कोणत्याही वयात व्यायामास दाद देतात. गेली ती हाडांची एक संधी, आणि उरलेली शिल्लक राखणे अद्याप हाती आहे.

शेवटी पालकांस एवढीच विनंती. यंदा मुलाचे वा मुलीचे अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावाल, तेव्हा त्यात खेळाचा तास सर्वांत आधी लिहा आणि मग बाकीचे विषय मांडा. नंतर उरल्यावेळी पाहू म्हटले की तो तास उरत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. आणि शक्य असेल तर त्या तासास वडिलांनी वा आईनेही घरी बसू नये. मूल सांगितलेले विसरते, पाहिलेले विसरत नाही.